बेचक्यावरची ज्ञानेश्वरी

वारकऱ्याचे आसन म्हणजे भुई. चंद्रभागेच्या वाळवंटात, वाटेवरच्या नांगरटीत, कीर्तनाच्या मांडवात, पंगतीला, जिथे मांडी घालता येईल तिथे तो बसतो. शेजारी कोण बसले आहे हे बघण्याची आपल्याकडे रीत नाही. दुकानदार आणि त्याचा हमाल एकाच सतरंजीवर टाळ घेऊन बसतात, आणि त्यांच्यामध्ये उंचावर असतो तो फक्त ग्रंथ. पण अलीकडे सप्ताहाच्या मांडवात कडेने प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक ओळ दिसू लागली आहे, आणि ती दरवर्षी थोडी लांबते आहे. त्या ओळीतली माणसे नीट पाहिली तर लक्षात येते की ती अवघडून बसलेली असतात. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून ती वर बसली आहेत, आणि आपण वर बसलो आहोत हे त्यांना काही केल्या विसरता येत नाही.

माझी आई त्या ओळीतली. शेगावहून निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी सोलापुरात आली की आई तिच्यासोबत पुढे पंढरपूरपर्यंत चालायची. अंतर ७०-७२ किलोमीटरचे. अशी २१ वर्षे ती चालली. बाविसाव्या वर्षी गुडघे आडवे आले. डॉक्टरांनी सांगितले, मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, खुर्ची वापरा.

वारी थांबली याचे तिने फारसे काही वाटून घेतले नाही. उलट आम्हालाच समजावले. अरणच्या सावता महाराजांचे नाव घेऊन म्हणाली, "ते कुठं मळा सोडून पंढरीला गेले? देवच आला की त्यांच्याकडं." खरेच आहे. सावता महाराज १२९५ मध्ये अरणला समाधिस्थ झाले, आणि आजही पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून त्यांच्या भेटीला अरणला जाते. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट आईला तोंडपाठ. तेव्हा चालण्याचा प्रश्न तिने असा सोडवला. अडले ते वाचनापाशी.

तिचा रोजचा नेम असा, की पहाटे आंघोळ झाली की अंगणात पाटावर मांडी घालून बसायचे, समोर चौरंगावर ज्ञानेश्वरी, आणि नेमाच्या ओव्या. आता पाट गेला, खुर्ची आली. खुर्चीवर बसले की समोरचा चौरंग तिच्या पोटऱ्यांच्या उंचीला यायचा. "मी वर आणि माउली माझ्या पायाशी? हे मला जमायचं नाही," म्हणाली. मांडीवर घ्यावा तर ग्रंथ जड, मनगटे दुखायची. जेवायच्या टेबलाचे नावही काढू दिले नाही. तिथे उष्टे-खरकटे सांडते. मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित पारायण लावून दिले. तिने दोन दिवस ऐकले, तिसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाली, "ऐकते मी. पण डोळ्यांना उपास घडतो." चार महिने ग्रंथ देवघरात बासनात बांधून राहिला. संध्याकाळचा हरिपाठ चालू होता, म्हणून घर चालू होते एवढेच.

आमचे दुकान सोलापूरच्या नवी पेठेत. पुढे दुकान, मागे घर, आणि मध्ये हातभर म्हणावे असे अंगण. त्यात एक कडुनिंब. पेठेत सकाळी दहानंतर पाय ठेवायला जागा नसते, पण त्या झाडामुळे मागच्या बाजूला थोडी शांतता टिकून आहे. निंबाच्या फांद्या विजेच्या तारांना लागतात, म्हणून अधूनमधून छाटाव्या लागतात. त्या माघात दोन जाड फांद्या उतरवल्या. एरवी त्या सरपणाला जातात. छाटणीला आलेल्या सुतारमामांनी त्या अंगणात आडव्या टाकल्या, ओट्यावर बसून चहा घेतला, आणि चहा संपला तरी उठेनात.

"मालक, हे बेचकं जाळू नका," म्हणाले.

सुतारमामा सत्तरीच्या पुढचे. घरात कानडी बोलतात, बाहेर सोलापुरी मराठी. पेठेतल्या कितीतरी दुकानांच्या फळ्या त्यांनी बसवल्या आहेत. हल्ली प्लायवूडच्या कामाला बोलावणारे बोलावतात, पण त्यांचे मन त्यात नसते. मूळचे ते गावगाड्यातले सुतार. त्यांच्या वडिलांनी लाकडी नांगर केले. काळ्या रानात चालणारा तो जुना नांगर बाभळीचा असे, आणि त्याचा बाक करवतीने काढलेला नसे. सुतार रानात फिरून असे झाड शोधायचा, ज्याने तो बाक स्वतःच वाढवला आहे. वाकडे लाकूड सरळ फळीतून कापून काढले की त्याचे तंतू तुटतात आणि जोर आला की तिथेच ते मोडते. वाकडेच वाढलेल्या लाकडात तंतू वळणाबरोबर वळलेले असतात. झोपडीची मेढ म्हणजे तरी काय, बेचक्याचा खांबच. वरच्या दुबेळक्यात आढे बसते, खिळा नाही, पट्टी नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या घर उभे राहते. मामांना हे सगळे पुस्तकातून नव्हे, हातातून माहीत.

मी त्यांना आईची अडचण सांगितली. ते आत गेले, आईला म्हणाले, "अक्का, खुर्चीवर बसा बघू," आणि सुतळीने तिच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचे माप घेतले. १६ इंच भरले. सुतळीला गाठ मारून खिशात टाकली. म्हणाले, "दोन इंच वर घेऊ. बसायला नाही, उठायला."

या दोन इंचांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ज्यांच्या घरी गुडघ्यांचे माणूस आहे त्यांना ते उपयोगी पडेल. आपण म्हाताऱ्या माणसाला ठेंगणी, खोल, मऊ खुर्ची देतो आणि त्याचे भले केले असे समजतो. बसणे सोपे असते. शरीर खाली पडते आणि बसते. सारा जोर लागतो तो उठताना. आसन जितके खाली, तितका गुडघा जास्त वाकलेला, तितके उठणे कठीण. आणि हात टेकायला जागा हवी ती आसनाच्या मागे नव्हे, पुढे, अगदी कडेपर्यंत. प्लॅस्टिकच्या खुर्चीचा हात जोर दिला की वाकतो, पाय फरशीवर सरकतात, आणि वैशाखात ४३-४४ अंशांच्या उन्हात दोन उन्हाळे काढले की ती तडकते. लोखंडी बाकावर तर दुपारी हातच ठेववत नाही. अंगणात बारा महिने राहायचे तर लाकूडच बरे.

काम लगेच सुरू झाले नाही. आधी साल. फांदी ओली आहे तोवर साल सहज निघते, वाळली की चिकटते, आणि मग तिच्याखाली भिरूड आपले घर करते. रात्री कान लावला तर लाकूड कुरतडल्याचा आवाज येतो, सकाळी खाली पिठासारखा भुसा. म्हणून वाकसाने दोन दिवसांत साल काढली. मग फांद्या सावलीत, ओट्याखाली, विटांवर आडव्या ठेवल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर टोकांना चिरा पडल्या असत्या. टोकांना मामांनी शेण-माती लिंपली, म्हणजे पाणी टोकातून घाईने उडून जात नाही.

आडव्या दांड्यांसाठी लाकूड मात्र वाळलेले हवे होते. तिऱ्ह्याच्या बाजूला सीनेकाठी माझ्या आतेभावाचे शेत आहे. त्याच्या बांधावर वेड्या बाभळीचे रान माजले आहे. हे झाड मूळचे अमेरिकेतले, आपल्या देशात १९व्या शतकात आले आणि आता कोणाचेच होत नाही. त्याला दोष देणारे पुष्कळ. सरपण आणि कोळसा यापलीकडे त्याला कोणी विचारत नाही. आतेभावाने वर्षापूर्वी तोडून रचून ठेवलेल्या ढिगातून आम्ही मनगटाएवढ्या जाडीच्या दहा-बारा फांद्या निवडल्या. आतून लालसर तपकिरी, हाताला दगडासारख्या जड. आई बघून म्हणाली, "काट्याचं झाड पोथीच्या जवळ कशाला आणता?"

मामा म्हणाले, "अक्का, काटा फांदीला असतो. लाकडाला नसतो."

आई काही बोलली नाही. गळ्यातली माळ मात्र तिने सहज चाचपली, ते मी पाहिले. आपल्या गळ्यातली माळ तरी काय आहे? तुळशीचेच काष्ठ, मणी करून ओवलेले. आळंदीला समाधीजवळ अजानवृक्ष आहे, पंढरीच्या राउळात कान्होपात्रेची तरटी आहे. झाडाला आपण परके मानत आलोच नाही. पण त्यात पूजेची झाडे कोणती आणि बांधावरची कोणती, असा भेद मनात असतोच. आईच्या मनातला तो भेद त्या दिवशी मिटला की नाही, मी विचारले नाही.

चैत्र सरता सरता जोडणीला हात घातला. इथे मामांनी मला एक गोष्ट शिकवली, जी मला फार आवडली. निंबाचे पाय अजून अर्धवट ओले होते. बाभळीच्या दांड्या वाळलेल्या होत्याच, तरी त्यांनी त्या आठवडाभर दुकानाच्या गच्चीवर तापत्या पत्र्यावर ठेवल्या. सोलापूरचे ऊन त्या कामाला फुकट मिळाले. मग दांडीच्या टोकाला कुसू घडवले, पायाला गिरमिटाने भोक पाडले, आणि कुसू ठोकून बसवले. खिळा नाही, सरस नाही. पुढे पाय वाळत जातो, वाळताना आकसतो, भोक आवळत जाते आणि आतल्या कुसवाला धरून ठेवते. दांडी मात्र आधीच पुरती वाळलेली, ती आणखी आकसत नाही. झालीच तर हवेतला ओलावा पिऊन किंचित फुगते. दोघे मिळून सांधा घट्ट करतात. दोन्ही लाकडे सारखीच ओली असती तर दोन महिन्यांत बाक खुळखुळू लागला असता. दोन्ही सारखीच कोरडी असती तर नुसत्या ठोकण्याच्या जोरावर किती दिवस टिकणार! एक मुरलेला आणि एक अजून मुरायचा, अशी जोडी लागते. दिंडीत नव्या माणसाच्या हाती टाळ देताना त्याला जुन्या टाळकऱ्याशेजारी उभे करतात, ते मला आठवले.

बसायच्या जागेसाठी जाड फांदी वखारीत नेऊन उभी चिरून आणली. दोन फळ्या निघाल्या, कडा जशा वाढल्या तशाच नागमोडी ठेवल्या. हात टेकायला बाभळीच्या दोन कोपरासारख्या वळलेल्या फांद्या मिळाल्या, आणि त्यांची टोके आसनाच्या पुढे चार बोटे येतील अशी बसवली. चारही पाय वेगवेगळ्या जाडीचे आणि वळणाचे, त्यामुळे बाक उभा केला तेव्हा साहजिकच डुगडुगला. मामांनी तो सपाट फरशीवर ठेवला, पायांखाली ढलप्या सारून आसन समतल केले. समतल झाले की नाही हे पाहायला आईची परात मागवली आणि तीत बोटभर पाणी ओतून आसनावर ठेवली. पाणी चारी कडांना सारखे आले, तेव्हा एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून प्रत्येक पायाभोवती त्याच उंचीची रेघ फिरवली आणि रेघेवर कापले. बाक एकदाच ठेवला आणि स्थिर राहिला.

आता राहिले ते पहिले बेचके, ज्याच्यासाठी हे सगळे सुरू झाले होते. हातभर खोड आणि वर दोन फाटे. मामांनी त्याच्या बुडाला तीन तिरपे पाय बसवले. तीनच का, तर तीन पायांची वस्तू उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही. चौथा पाय आला की भांडण आले. वरच्या दोन फाट्यांवर ग्रंथासाठी फळी ठेवायची होती. पण एक फाटा आखूड आणि एक तीन बोटे लांब. फळी ठेवून पाहिली तर ती एका बाजूला कललेली. मामांनी लांब फाट्यावर खडूने खूण केली आणि करवत उचलली.

आई तेव्हा नव्या बाकावर बसून बघत होती. म्हणाली, "थांबा. ते फिरवून माझ्यासमोर ठेवा बघू."

आखूड फाटा तिच्याकडे, लांब फाटा पलीकडे. फळी तिच्या बाजूने उतरती झाली.

"असू द्या असंच. माउली माझ्याकडं झुकलीय."

मामांनी करवत खाली ठेवली. खालच्या कडेला बोटभर उंचीची एक पट्टी बसवली, ग्रंथ घसरू नये म्हणून. जमिनीपासून ती कड ३० इंचांवर आली, आसन १८ वर. आई बसली की ग्रंथ तिच्या छातीसमोर, मान न वाकवता वाचता येईल असा, आणि तिच्या आसनाहून पुरता हातभर नाही पण एक वीत आणि वर चार बोटे उंच. मापाने आणि मानाने दोन्ही जमले.

मजुरी मामांनी पूर्ण घेतली, आणि ती घेतलीच पाहिजे. हाताच्या कामाला हरिनामाच्या नावाखाली फुकटात काढण्याची आपल्यातल्या काहींना सवय आहे, ती मला मुळीच पटत नाही. सर्वांगाला जवसाचे तेल तीन वेळा दिले, प्रत्येक हातामध्ये दोन दिवस सोडून. पायांच्या तळाला डांबर लावले आणि प्रत्येक पायाखाली शहाबादीचा तुकडा दिला, म्हणजे पावसाचे पाणी लाकडात चढणार नाही आणि वाळवीला वाट मिळणार नाही. लाकूड बहुधा बुडापासूनच जाते. वरून कितीही चकाकत असले तरी.

ज्येष्ठातल्या एका पहाटे बासन सुटले. त्याविषयी मी जास्त लिहीत नाही. दुकानाचे कुलूप काढताना मागून ओव्यांचा आवाज येत होता, एवढे पुरे.

पण एक गाठ अजून बाकी होती. दर एकादशीला संध्याकाळी पेठेतली आमची भजनी मंडळी अंगणात जमते. सतरंजी अंथरली, टाळ निघाले, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाकावर बसायला तयार नाही. "सगळी माणसं खाली, आणि मी एकटी सिंहासनावर?" लोकांनी आग्रह केला तसा तिचा नकार वाढत गेला. चार-सहा महिन्यांपूर्वी एका सप्ताहात कोणीतरी तिला, "आजी, वर बसून कीर्तन ऐकतात का?" असे म्हटले होते. ते तिच्या मनात रुतून बसले होते, हे मला त्या दिवशी कळले.

आमच्या मंडळात वीणा घेणारे जे बुवा आहेत, ते कमी बोलतात. त्यांनी वीणा गळ्यात घेतली, तिच्या समोर येऊन उभे राहिले आणि विचारले, "अक्का, भजन संपेपर्यंत मी बसणार का उभा राहणार?"

"उभे."

"मग तुम्ही बाकावर बसलात तरी वीणा वरच की तुमच्या."

आई हसली. सप्ताहात वीणा भुईला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्रंदिवस कोणीतरी ती घेऊन उभे असते, हे तिला काय कोणी सांगायला हवे होते? तिने स्वतः कितीदा तरी पहारा केला आहे. ती येऊन बाकाच्या एका कडेला बसली. दुसरी कड मोकळी होती. थोड्या वेळाने शेजारच्या काकू, ज्या वर्षभर "मला काही होत नाही" म्हणत भिंतीला टेकून कसेबसे बसत होत्या, त्या हळूच उठल्या आणि त्या मोकळ्या जागेवर येऊन बसल्या. कोणी काही बोलले नाही. टाळ चालू होते.

त्या आषाढात पालखी आली तेव्हा आम्ही बाक दुकानापुढे काढला. पेठेत त्या दिवसांत वारकरी चार वस्तू घ्यायला येतात. कोणाला चपलेचा अंगठा शिवायचा असतो, कोणाला बॅटरीचे सेल हवे असतात. दिवसभरात बाकावर किती जण टेकले, मोजले नाही. अकोल्याकडचे एक बाबा बराच वेळ बाकाच्या हातावरून हात फिरवत राहिले, मग विचारले, "ही वेडी बाभूळ ना?" मी हो म्हटल्यावर म्हणाले, "आमच्याकडं पण लई माजलीय," आणि कुसवाचा सांधा वाकून बघितला. निघताना पायांच्या उंचीचे माप त्यांनी स्वतःच्या काठीवर नखाने खूण करून नेले.

आता वर्ष झाले. निंबाचा पिवळट रंग उन्हाने राखी पडला आहे. जिथे आईचे हात टेकतात तिथे मात्र बाभूळ गुळगुळीत होऊन तिच्या माळेच्या मण्यांसारखी दिसू लागली आहे. एका फळीला बारीक चीर गेली आहे. मामा म्हणतात, जाऊ दे, ती तेवढ्यावरच थांबेल. पेठेतल्या दोघातिघांनी आपल्या वडिलांसाठी असाच बाक मागितला आहे. बाकाचे लाकूड मिळेल. अडते ते ग्रंथाच्या बेचक्यापाशी, कारण ते करून मिळत नाही, सापडावे लागते. परवा मामा आले होते. ओट्यावर बसून त्यांनी बराच वेळ निंबाकडे वर पाहिले आणि मग शिडी मागितली. तारांच्या अलीकडे एक फांदी आहे, दोन फाट्यांची. एक लांब, एक आखूड. पुढच्या माघापर्यंत तिला हात लावायचा नाही, असे सांगून त्यांनी तिच्यावर खडूने खूण करून ठेवली आहे.